कोळशी वरून कशी दिसते? संत्र्याच्या काळ्या माशीपासून सॅटेलाइटपर्यंतची पार्श्वभूमी

आमच्या संत्रा पट्ट्यात, म्हणजे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी इकडे, "कोळशी आली" एवढं म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. बाग लांबूनच काळपट दिसायला लागते. पान हातात घेऊन वरून बोट फिरवा, काजळीसारखी पूड बोटाला लागते आणि खाली पान अजून हिरवंच असतं. ही काजळी म्हणजे कीड नाही, ती बुरशी आहे. खरी कीड पानाच्या मागे असते, काळी माशी. तिची काळी काटेरी पिल्लं पानाला चिकटून रस पितात आणि अंगातून पाकासारखा चिकटा सोडतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्याच्यावर ही बुरशी वाढते. पानं झाकली गेली की ऊन लागत नाही, झाडाला अन्न तयार करता येत नाही, मग फूल कमी, फळ बारीक आणि जे हाती येतं तेही काळवंडलेलं.

आता सगळीकडे सॅटेलाइट, ड्रोन, ॲपवर बागेचा नकाशा, लाल म्हणजे धोका हिरवं म्हणजे ठीक, असं चालू आहे. पण वरून नक्की काय दिसतं हे समजायचं असेल तर थोडं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे ही वाट याच काळ्या माशीवरून जाते, फक्त विदर्भातून नाही, अमेरिकेतल्या टेक्सासमधून.

विमानातून पिकाचे फोटो काढायची कल्पना बरीच जुनी. टेक्सासमध्ये १९२० च्या दशकातच कपाशीच्या मूळकुजीचे फोटो विमानातून काढले होते, साधे ब्लॅक अँड व्हाइट, आणि शेतात मेलेल्या झाडांचे गोल गोल ठिपके त्यात स्पष्ट दिसले. पण झाड मेल्यावर ते दिसून काय उपयोग? खरी उडी दुसऱ्या महायुद्धात पडली. शत्रू रणगाड्यांवर हिरवा रंग मारायचा, फांद्या तोडून झाकायचा, आणि वरून सगळं जंगलच वाटायचं. त्यासाठी कोडॅकने इन्फ्रारेड कलर फिल्म बनवली. जिवंत पानाच्या आतल्या पेशी अशा असतात की डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकला जातो, हिरव्या रंगाला किंवा तोडून वाळलेल्या फांदीला ते तसं जमत नाही. त्या फिल्मवर जिवंत झाड लालभडक यायचं आणि रंगवलेला रणगाडा वेगळा उठून दिसायचा. युद्ध संपल्यावर हीच फिल्म शेतीत आली. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉलवेल यांनी धान्यपिकांचे रोग हवाई फोटोंवरून ओळखता येतात हे दाखवलं, आणि तिथून या विषयाला पाया मिळाला असं मानतात.

पण हे झाले रोग. कीड एवढीशी, ती फोटोत कशी येणार?

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांडे नदीच्या खोऱ्यात वेस्लाको म्हणून गाव आहे, तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याचं संशोधन केंद्र होतं. त्या भागात लिंबूवर्गीय बागा आणि कापूस शेजारी शेजारी, अगदी आपल्यासारखंच. कापसावर मारलेलं औषध वाऱ्याने बागेत यायचं, त्याने बागेतले मित्रकीटक, म्हणजे किडींना मारणारे कीटक, मरायचे आणि मग खवले कीड बेफाम वाढायची. ही खवले कीडसुद्धा चिकटा टाकते, त्याच्यावर तीच काळी बुरशी. तिथल्या हार्ट आणि मायर्स या दोन संशोधकांनी १९६८ मध्ये दाखवलं की इन्फ्रारेड कलर फिल्मवर निरोगी झाडं लाल येतात आणि किडीची झाडं काळी, कारण काळी बुरशी तो इन्फ्रारेड प्रकाश गिळून टाकते, परत जाऊच देत नाही. म्हणजे कॅमेऱ्याने कीड पाहिलीच नाही, किडीची काजळी पाहिली. मला या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण पुढची पन्नास वर्षं तंत्र कितीही बदललं तरी हे बदललं नाही.

मग १९७१ मध्ये तिथल्या ब्राउन्सव्हिल शहरात काळी माशी सापडली. ही माशी मूळची आपल्या आशियातली, १९१३ च्या सुमारास जमैकात पोचली आणि तिथून पसरत गेली. एकेका घराच्या मागच्या अंगणातली संत्र्या-लिंबाची झाडं तपासत फिरायचं म्हणजे किती माणसं लागतील, म्हणून हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून तीच फिल्म वापरून पाहणी केली, १९७३ मध्ये ते छापूनही आलं. काळं झाड दिसलं की खालच्या माणसाने तिथेच जाऊन पान उलटून बघायचं. पुढे १९९० च्या दशकात तिथेच फिल्मऐवजी व्हिडिओ कॅमेरा आला आणि विमानातल्या जीपीएसमुळे फोटोतला ठिपका नेमका कुठल्या बागेतला हे नकाशावर बसवता यायला लागलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. माशी सापडली कॅमेऱ्याने, पण आटोक्यात आणली ती परोपजीवी, म्हणजे माशीच्या पिल्लांच्या अंगात वाढून त्यांना मारणाऱ्या, गांधीलमाश्यांनी, आणि त्या एवढ्याशा गांधीलमाश्या १९४९-५० च्या सुमारास भारत-पाकिस्तानातून शोधून मेक्सिकोत नेल्या होत्या. तिथून त्या टेक्सास आणि फ्लोरिडात पोचल्या. आपल्याकडच्या बागेतून गेलेला तो मित्रकीटक, आणि आपण मात्र अंधाधुंद फवारणी करून त्यालाच मारतो, याचं वाईट वाटतं.

भारतात काय चाललं होतं? आपल्या देशातल्या रिमोट सेन्सिंगची, म्हणजे वरून फोटो घेऊन जमिनीवरचं ओळखण्याची, सुरुवातच एका फळझाडापासून झाली, नारळापासून. केरळात नारळाचा मूळ-मर रोग १८८२ च्या मोठ्या पुरानंतर दिसायला लागला होता आणि पसरतच होता. १९६९-७० मध्ये भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक मानले जाणारे प्रा. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्याने इन्फ्रारेड कलर फोटो घेतले आणि रोगट माड वरून ओळखता आले. तेव्हा या रोगाचं कारणसुद्धा पक्कं माहीत नव्हतं. पुढे ऐंशीच्या दशकात कळलं की तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो आणि तो एका माडावरून दुसऱ्यावर नेणारे दोन कीटक आहेत, एक जाळीदार पंखांचा ढेकूण आणि एक तुडतुडा. म्हणजे इथेही कीड दिसली नाहीच, तिने मागे सोडलेलं आजारपण दिसलं.

मग आले सॅटेलाइट. इथे मी संत्र्याच्या झाडाने हिशोब करतो, कारण मीटर म्हटलं की काही डोळ्यासमोर येत नाही. आपली लागवड ६ बाय ६ मीटरवर. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका (पिक्सेल) साधारण ८० मीटरचा, म्हणजे एका ठिपक्यात पावणेदोनशे झाडं! त्यातली पाच झाडं काळी पडली तर काय दिसणार. आपला आयआरएस-१ए उपग्रह १९८८ चा, त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याच्या ठिपक्यात छत्तीस झाडं. १९९५ च्या आयआरएस-१सी च्या रंगीत कॅमेऱ्यात पंधरा. आणि २००३ च्या आपल्याच रिसोर्ससॅट-१ च्या लिस-४ कॅमेऱ्यात ५.८ मीटर, म्हणजे जवळपास एक झाड एक ठिपका. युरोपचा सेंटिनल-२ २०१५ पासून आहे, ठिपक्यात तीनेक झाडं, पण फोटो फुकट मिळतो आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी.

पण ठिपका बारीक झाला म्हणून कारण कळत नाही. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात नासाने द्राक्षबागांवर प्रयोग सुरू केला, फायलोक्सेरा म्हणून मुळांवर राहणारी कीड आहे तिच्यासाठी. कीड जमिनीखाली, त्यामुळे वेल कुठे खंगतेय एवढंच वरून दिसायचं, आणि खंगायला पाणी, माती, वय अशी दहा कारणं असतात, म्हणून शेवटी मुळं उकरूनच बघावं लागायचं.

आपल्याकडे तर आणखी घोळ. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, आपण डिसेंबर-जानेवारीत मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानं मलूल होतात, काही गळतात. हे माहीत नसलेलं ॲप ती बाग आजारी म्हणून लाल दाखवणारच! डिंक्या लागलेलं, म्हणजे खोडातून डिंक गळणारं झाड, जस्त कमी पडलेलं झाड, रस्त्याच्या धुळीने माखलेली शेवटची ओळ, हे सगळं ॲप फोटोवरून काढतं त्या हिरवेपणाच्या एका आकड्यात जवळपास सारखंच दिसू शकतं. त्यातल्या त्यात कोळशी वेगळी ओळखू येते ती त्या काळ्या बुरशीमुळे. आणि काळ्या माशीच्या वर्षातल्या तीन पिढ्यांपैकी एक येते जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकं आभाळ भरलेलं असतं तेव्हा, आणि हे कॅमेरे ढगातून बघू शकत नाहीत.

ड्रोनने ही ढगाची अडचण बरीच सोडवली, तो ढगाखालून उडतो आणि काही सेंटिमीटरचा ठिपका देतो. कोळशी बागेच्या कोणत्या कोपऱ्यातून आत शिरतेय, शेजारच्या पडीक बागेकडून की दाट लावलेल्या ओळींकडून, हे त्याच्या फोटोत चांगलं कळू शकतं. पण फवारणी लागू पडते ती पिल्लं अंड्यातून नुकतीच निघालेली असताना, काजळी धरायच्या आधी. तेव्हा झाड वरून अगदी हिरवंगार असतं आणि अंडी असतात कोवळ्या पानाच्या मागे, चकलीसारख्या गोल वळणात घातलेली. ती बघायला आजही खाली वाकून, पान उलटून, भिंगच लावावं लागतं.