दोनाचा दहावा घात आठ?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २^१० लिहून बघा. उत्तर येतं ८. लाल अक्षरांतली तक्रार नाही, सूचना नाही, सरळ आठ. हीच ओळ सेजमॅथमध्ये चालवली की १०२४. पायथनच्या लेखी ^ म्हणजे घात नव्हेच. दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत मांडायच्या, अंक वेगळे असतील तिथे १ आणि सारखे असतील तिथे ० लिहायचा, अशी ती क्रिया. ००१० आणि १०१० यांचे होतात १०००, म्हणजे आठ.

सेजमॅथ हे विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये आणलेलं मोफत गणिती सॉफ्टवेअर. ते पायथनवरच उभं आहे. म्हणूनच पणजी-फोंड्याकडच्या कॉलेजांतली मुलं व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये फाइल उघडून 'रन' दाबतात आणि बहुतेकदा 'सेज नावाचं मॉड्यूल नाही' हे ऐकून घेतात. सेज तर कालच टाकलेलं असतं! पण एका संगणकावर पायथन अनेक असू शकतात. कोंडाने (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) केलेलं एन्व्हायर्नमेंट म्हणजे स्वतंत्र फोल्डर: त्याचा पायथन वेगळा, त्यातली पॅकेजेस वेगळी. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' मधून सेजवालं एन्व्हायर्नमेंट निवडलं की ही तक्रार मिटते. विंडोजवाल्यांना आधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, बसवावं लागतं.

खरी गंमत यापुढे आहे, आणि ती एका गोवेकराच्या सूत्रावरून दिसते. दामोदर कोसंबी गोव्यात जन्मले. त्यांच्या नावाच्या विचार महोत्सवामुळे त्यांचं नाव इथे सगळ्यांना ठाऊक, पण इतिहासकार म्हणून. मुळात ते गणिती. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं, आणि आनुवंशिकीत ते आजही वापरतात. पुनःसंयोगाचं, म्हणजे पुढच्या पिढीत जाताना ती दोन जनुकं एकमेकांपासून सुटण्याचं, प्रमाण 'र' धरा. (१ + २र) भागिले (१ − २र), त्याचा नैसर्गिक लॉग, त्याला चाराने भाग.

र = १/१० घेऊ. डॉट सेज (नावाच्या शेवटी .sage असलेल्या) फाइलमध्ये उत्तर मिळतं १/४ लॉग(३/२): अपूर्णांक जसाच्या तसा, दशांशात हवं तर मागायचं, मग ०.१०१३६… साध्या पायथनमध्ये मात्र १/१० चं लगेच ०.१ होतं आणि लॉगच्या आतच १.४९९९९९९९९९९९९९९८ येऊन बसतं. जनुकांच्या नकाशाला एवढ्याने काही होत नाही. बीजगणितात ३/२ हवं असताना हे चालत नाही.

आता मेख अशी, की एन्व्हायर्नमेंट बरोबर निवडून, वर 'फ्रॉम सेज डॉट ऑल इम्पोर्ट *' ही सेजमधलं सगळं आत घेणारी ओळ लिहूनही फाइल डॉट पीवाय (साध्या पायथनची, .py) असेल तर २^१० पुन्हा आठच! कारण चिन्हांचा आणि अपूर्णांकांचा अर्थ बदलणारा सेजचा पूर्वसंस्कार थेट सेजमध्ये लिहिलेल्या ओळींवर आणि डॉट सेज फाइलवरच होतो. डॉट पीवायमध्येच राहायचं असेल तर घातासाठी ** लिहा आणि अपूर्णांकासाठी क्यूक्यू(१)/१० (क्यूक्यू, QQ, म्हणजे सेजमधल्या परिमेय संख्या). मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण डीबगरसकट (चुका शोधायच्या साधनासकट) एडिटरच्या सगळ्या सोयी हाताशी राहतात.