एक अल्लाह, दर्गा आणि 2016 चा निकाल : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या मुसलमानांमध्ये अल्लाह एक आहे की नाही, यावरून कधी भांडण झालेलं नाही. भांडण झालं ते कबरीपाशी उभं राहिल्यावर काय करायचं यावरून. चादर किंवा गलेफ चढवायचा का, मजारीला, म्हणजे कबरीला, हात लावायचा का, नवस बोलायचा का, आणि मुख्य म्हणजे मागायचं कुणाकडे. हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जाऊ द्यावं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 26 ऑगस्ट 2016 रोजी दिला. तेव्हा हा घरातला वाद वर्तमानपत्रांत आला. पण तो आला स्त्री-पुरुष समानतेचा प्रश्न म्हणून, आणि त्यामागचा तौहीदचा, म्हणजे अल्लाह एकच मानण्याचा, धागा बातम्यांत कुठे दिसलाच नाही.

वाद इतका धारदार का, हे कळायला कुराणातली एक आयत पुरेशी आहे. शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला आणखी कुणाला बसवणं, याला माफी नाही. त्याखेरीज काय माफ करायचं ते त्याच्या मर्जीवर (4:48). म्हणजे दर्ग्यात चुकीच्या ठिकाणी हात पसरला तर तो रीतभातीचा दोष राहत नाही, माणसाच्या आखिरतचाच, म्हणजे मरणानंतरच्या जीवनाचाच, फैसला होतो. पण त्याच परंपरेत अशीही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, आहे की कबरींना भेट द्यायला आधी मनाई होती, पुढे पैगंबरांनीच परवानगी दिली, कारण कबर पाहिली की आखिरतची आठवण होते. आणि अखेरच्या आजारपणात पैगंबरांनी नबींच्या कबरींना प्रार्थनास्थळ बनवणाऱ्यांचा धिक्कार केला, हेही हदीसमध्येच आहे. दोन्ही बाजूंची शिदोरी एकाच गाठोड्यातली आहे, म्हणूनच कुणी कुणाला गप्प करू शकलेलं नाही.

एक अल्लाह ही गोष्ट मुसलमानाच्या मरणात कशी उतरते, ते कोकणातल्या दफनाच्या वेळी दिसतं. मय्यत उजव्या कुशीवर ठेवतात. डोकं उत्तरेकडे आणि तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. जमलेले लोक तीन-तीन मुठी माती टाकतात आणि पुटपुटतात ती आयत अशी : यातूनच तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ, यातूनच पुन्हा उठवू. कोकणी मुसलमान शाफई मताचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी परंपरांपैकी एकीचे. त्या मतात माती सारखी केल्यावर तल्कीन पढायची रीत आहे. कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतील आणि विचारतील, तुझा रब कोण? त्याचं उत्तर बाहेरून एक जण मेलेल्या माणसाला सांगतो : अल्लाह माझा रब, इस्लाम माझा दीन, मुहम्मद माझे नबी. कडवी मंडळी यालाही नवी भर म्हणतात. मेलेला ऐकतो का, हा त्यांचा सवाल. आणि दर्ग्याच्या वादाची मूळ गाठ तीच आहे. मेलेला ऐकतो, असं धरलं तर वलीला, म्हणजे कबरीतल्या संताला, ‘माझ्यासाठी अल्लाहकडे दुआ करा’ म्हणता येतं. नाही धरलं, तर अख्खा उरूस निरर्थक ठरतो. तीजा, चाळिसावा, शब-ए-बरातला कब्रस्तानात जाणं, फातेहा पढून तिचा सवाब (पुण्य) मेलेल्याच्या नावे करणं, या सगळ्या रीतींवर थोड्याफार फरकाने हाच वाद होतो.

आपल्या भागात फार काळ तौहीदचा आग्रह आणि दर्ग्यांची भक्ती या दोन गोष्टी सुखाने शेजारी नांदल्या. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) हे कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे काटेकोर आलिम (धर्मपंडित). आज लोक त्यांना ओळखतात ते डिसेंबरातल्या जत्रेमुळे, मुंबई पोलिसांच्या संदलमुळे आणि मलिद्यामुळे. खुलताबादचं उदाहरण तर त्याहून मजेशीर. 1707 मध्ये वारलेल्या औरंगजेबाची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे उघडी, मातीची, वर सब्जाचं रोप. संगमरवरी जाळी इंग्रजी अमदानीत बसली. कबरीवर घुमट नको म्हणणाऱ्या या बादशहाने जागा मात्र निवडली ती एका सूफी पीराच्या दर्ग्याच्या आवारातली. त्याला यात विसंगती वाटली नसावी. ती वाटायला एकोणिसावं शतक यावं लागलं.

1820 च्या दशकात दिल्लीच्या एका नामांकित घराण्यातल्या आलिमाने साध्या उर्दूत एक छोटं पुस्तक लिहिलं आणि पीर, नवस, कबरपूजा हे सगळं शिर्कच्या खात्यात टाकलं. छापखान्यामुळे ते गावोगाव गेलं. पुढे 1866 मध्ये देवबंदचा मदरसा निघाला, दर्ग्यांची बाजू घेत बरेलीहून त्याला उत्तरं जाऊ लागली, तिसरीकडे थेट कुराण-हदीसवरच भर देणारे अहले-हदीस उभे राहिले. ‘वहाबी’ हा अरबस्तानातल्या कबरपूजाविरोधी पंथाचा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला आणि इंग्रज सरकारही काही काळ तो राजद्रोहाच्याच अर्थाने वापरत असे. 1925–26 मध्ये हिजाजवर सौदी अंमल आला, मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडले गेले, आणि इथे खिलाफत चळवळीतल्या मंडळींतच दोन तट पडले. हजचं मोठं बंदर मुंबईच असल्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर हे वादही धक्क्यावर उतरत.

आता हाजी अली. वरळीच्या समुद्रातला हा दर्गा, भरतीला वाट पाण्याखाली जाते, गुरुवारी-शुक्रवारी तोबा गर्दी. बायका वर्षानुवर्षं मजारीपर्यंत जात होत्या. 2012 मध्ये आतल्या भागाशी अडसर दिसला. विचारणा झाली तेव्हा विश्वस्तांकडून मिळालेली कारणं न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदली आहेत : वाकताना बायकांच्या ब्लाउजचा गळा खाली येतो, त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि शरियतचा हुकूम आधी माहीत नव्हता, आता कळल्यावर चूक सुधारली. तिन्ही कारणं नीट पाहा. शिर्कचा त्यात उल्लेखच नाही. मजारीपुढे डोकं टेकवलं जातं म्हणून तौहीदला धक्का पोचतो, अशी भीती असती तर पुरुषांनाही थांबवावं लागलं असतं. पुरुष आत जाऊन चादर चढवत होते, मजारीचं चुंबन घेत होते. पुरुष असलेल्या वलीच्या कबरीजवळ बाईने जाणं पाप, असा बचाव पुढे झाला, तो मात्र तौहीदचा नव्हे, पर्द्याचा मुद्दा आहे.

अनेकांनी तेव्हा हे ‘वहाबी वारं’ म्हणून खपवलं. ते बरोबर नाही. दर्ग्यांची बाजू सर्वात जोरात मांडणाऱ्या बरेलीच्या आलिमानेच बायकांनी मजारींवर जाऊ नये असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. अपवाद फक्त मदिनेतल्या पैगंबरांच्या रौजाचा, म्हणजे कबरीचा. त्याच आलिमाने आदरापोटी केलेला सजदाही (माथा टेकणं) हराम ठरवला आणि मजारीपासून चार हात अंतर ठेवावं, तिला हात लावू नये, चुंबन घेऊ नये, असं पुरुषांनाही सांगितलं. ही दुसरी शिकवण मुंबईतल्या एकाही मोठ्या दर्ग्यात कुणी मनावर घेतलेली नाही. पहिली तेवढी आठवली, तीही बायकांसाठी.

दोन मुस्लिम महिला कार्यकर्त्यांनी 2014 मध्ये जनहित याचिका केली. 2016 च्या वसंतात शनि शिंगणापूरचं प्रकरण पेटलं होतं. गुढीपाडव्याला तिथला चौथरा बायकांना खुला झाला आणि हाजी अलीची सुनावणी साहजिकच त्याच चष्म्यातून पाहिली गेली. कुराणातच मनाई असेल तरच बंदी टिकेल, अशी राज्य सरकारची भूमिका होती. खंडपीठाने विश्वस्तांनी दाखवलेल्या आयती आणि हदीस तपासल्या. त्यातून बायकांवर सरसकट बंदी निघत नाही आणि ती इस्लामचं अविभाज्य अंग ठरत नाही, असं म्हटलं. शिवाय हा सार्वजनिक धर्मादाय न्यास आहे, त्याचं काम मालमत्ता सांभाळणं, धर्माचे निर्णय देणं नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 (समानता), 15 (भेदभावाला मनाई) आणि 25 (धर्मस्वातंत्र्य) यांचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला.

निकालाचं मी स्वागतच करतो, पण एक खटक राहते. कबरीला जाणं शिर्क की सवाब, हे ठरवायला न्यायालय बसलेलं नव्हतं, तरी हदीसच्या अर्थापर्यंत त्याला जावं लागलं. अडसर घालणाऱ्यांनीच ती वेळ आणली, हेही खरं.

विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 ऑक्टोबर 2016 रोजी त्यांनी स्वतःच पुरुषांइतकाच प्रवेश बायकांना देण्याचं कबूल केलं. व्यवस्था बदलायला चार आठवडे मागून घेतले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बायका आत गेल्या. नवी रचना अशी की बाई असो की पुरुष, दुआ करायची ती मजारीपासून सुमारे दोन मीटरवरून. हिशेब केला तर हे बरेलीच्या त्या चार हातांच्या आसपास भरतं, पण ते कुणी मुद्दाम साधलं असेल असं वाटत नाही.

कायद्याच्या बाजूने प्रकरण संपलेलं नाही. शबरीमला मंदिरातल्या स्त्री-प्रवेशाच्या निकालाच्या फेरविचारात 14 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याचे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवले, त्यात मशिदीत आणि दर्ग्यात मुस्लिम स्त्रियांच्या प्रवेशाचाही उल्लेख आहे. हाजी अलीत मात्र कबुलीच दिलेली असल्याने तिथे तूर्त भांडायला काही उरलेलं नाही. गावोगावच्या छोट्या दर्ग्यांत मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवक, सांगेल ती रीत चालते. कुठे बाई उंबऱ्याबाहेर बसून फातेहा पढते, कुठे तीच आत जाऊन मजारीवरचा गलेफ बदलते, आणि कंदुरीचं जेवण दोन्हीकडे तिच्याच हातचं असतं.