डेगू म्हणजे शेपटीवाला गिनीपिग नव्हे

गिनीपिग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्यावर शाई घालवत नाही. डेगू त्याचा लांबचा नातलग, मध्य चिलीतल्या झुडपी माळरानातला कुरतडणारा छोटा प्राणी; तोही घरी पाळतात. वजन साधारण २०० ग्रॅम, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. एकटं राहणं दोघांनाही सोसत नाही, दात दोघांचेही जन्मभर वाढतात आणि सुकं गवत दोघांपुढेही चोवीस तास हवं. इथवर साम्य खरं. पण त्यावरून "मग गिनीपिगचंच खाणं घाला की!" असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यापायी डेगू आंधळे होतात.

मुद्दा साखरेचा आहे. डेगूचं इन्सुलिन इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळ्या घडणीचं आणि कमजोर असतं. रानात वाळकं गवत, पानं, साली खाऊन त्याचं भागतं. पिंजऱ्यात गोड मिळालं की रक्तातली साखर चढते. ती डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, सॉर्बिटॉल पाणी ओढून घेतं आणि भिंग दुधाळ होतं. मधुमेह जडल्यावर काही आठवड्यांतच मोतीबिंदू दिसू शकतो. पाण्याची बाटली लवकर संपायला लागली, अंथरलेला कागद सारखा ओला दिसला आणि खाऊनही वजन उतरलं, तर डोळे पांढरे व्हायची वाट पाहू नका.

म्हणून फळं नकोतच. सफरचंदाची फोड नको, केळं नको, आणि मनुका तर मुळीच नको. "कधीतरी एखादी चालते" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. गोळीखाद्याच्या पाकिटावर मोलॅसिस लिहिलेलं असेल, तर ती काकवीच. पाकीट परत ठेवा. गिनीपिगच्या बऱ्याच खाद्यांत ती असते. डेगूला रोज दहाएक ग्रॅम बिनसाखरेच्या गोळ्या, बाकी पोटभर गवत. हिरवं द्यायचं तर कोथिंबिरीच्या दोन काड्या किंवा फरसबीची शेंग.

उलटी चूकही तेवढीच महागात पडते. गिनीपिगचं शरीर सी जीवनसत्त्व बनवत नाही, डेगूचं बनवतं. डेगूच्या खाद्यावर ठेवलेल्या गिनीपिगला ढोबळी मिरचीसारखं काही रोज दिलं नाही, तर सांधे दुखून तो लंगडायला लागतो.

बाकीचं थोडक्यात. डेगूला बारीक वाळूची अंघोळ लागते, गिनीपिगला नको. डेगूचा पिंजरा लोखंडी आणि उंच हवा, प्लॅस्टिक तो कुरतडून टाकतो. धावायचं चाक भरीव पृष्ठभागाचं, निदान ३० सेंटिमीटर व्यासाचं. शेपटीला धरून उचलू नका: कातडी मोज्यासारखी निसटून हातात येते आणि गेलेली शेपटी पुन्हा उगवत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात नुसत्या पंख्यावर डेगू ठेवू नये, ३० अंशांच्या वर त्याचे हाल होतात.

आणि दात. गिनीपिगचे पांढरे, डेगूचे नारिंगी. नारिंगी पाहून घाबरू नका. डेगूचे पांढरे पडले तर डॉक्टर गाठा.