तलवारींची राणी आली की आधी हे वाचा

आम्ही ठाण्यात नौपाड्याला टॅरो, म्हणजे भविष्याचे पत्ते, वाचतो. टेबलावर तलवारींची राणी हा पत्ता उलगडला, की समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "ही कोण हो?" पाठोपाठ उमेदवारही हजर. सासू, जाऊ, ऑफिसातली मॅडम, सोसायटीच्या सेक्रेटरीबाई. गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी ४५ मिनिटांच्या सेशनमधली ३० मिनिटं नातेवाईक मोजण्यात घालवली. शेवटी जाऊबाईंवर शिक्कामोर्तब झालं, पण नोकरी सोडू का नको हा त्यांचा मूळ प्रश्न तसाच राहिला. ताई नाराज, आम्हीही. म्हणून हे पत्रक.

टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी १६ दरबारी: चार सूट (पत्त्यांचे रंग), प्रत्येकात राजा, राणी, नाइट (घोडेस्वार सरदार) आणि पेज (तरुण सेवक). गणपतीत रात्रभर पत्ते कुटणाऱ्यांनी एवढंच धरावं की आपला गुलाम एकटा असतो, इथे त्याच्या जागी दोघं आहेत; आणि इस्पिकाच्या जागी तलवार. मुळात हेही खेळायचेच पत्ते, १५व्या शतकातल्या उत्तर इटलीतले. भविष्यासाठी ते रूढ झाले १८व्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. आमच्या डेकवरची (पत्त्यांच्या संचावरची) चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९ साली लंडनमध्ये छापलेली.

आता पत्ता हातात घ्या. तलवार दिसली की माणूस दचकतो, पण मूठ कुठे आहे ते बघा. सिंहासनाच्या हातावर टेकवलेली आहे, पातं सरळ उभं. वार करायला कुणी तलवार अशी धरत नाही. डावा हात पुढे केलेला, मनगटाला गोंडा. "या, बोला" की "तिथेच थांबा", यावर वाचणाऱ्यांचं एकमत नाही. मला विचाराल तर दोन्ही. मुकुटावर फुलपाखरं. ढग खाली साचलेत, डोक्यामागचं आकाश मात्र मोकळं, आणि त्यात एकच पक्षी. दुःख पचवून बसलेली, गुळमुळीत न बोलणारी बाई आहे ही.

म्हणून हा पत्ता आम्ही बहुतेक वेळा "कोण" असा वाचत नाही, "कसं" असा वाचतो. पगारवाढीचा प्रश्न असेल तर आकडा तोंडाने मागा आणि लेखी घ्या. स्थळाला तीन महिने "बघू, कळवतो" चाललं असेल तर आज काय ते सांगून टाका. कधीकधी ती खरोखर एखादी व्यक्ती असते, नाही असं नाही. पण तेव्हा नातेवाईकांची यादी करावी लागत नाही, पत्ता बघताच तुम्ही स्वतःच नाव घेता.

दुसरा त्रास मोबाइलचा. सेशन संपतं, रिक्षात बसल्याबसल्या अर्थ शोधला जातो आणि रात्री अकराला फोन येतो, "वैधव्य लिहिलंय!" हो, लिहिलंय. हा डेक ज्यांनी बेतला त्या आर्थर एडवर्ड वेट यांनी या राणीच्या अर्थांत वैधव्य, विरह, शोक हे शब्द दिलेत. पण त्यावरून तुमच्या यजमानांच्या तब्येतीचं काहीही ठरत नाही. आम्ही पत्त्यांवर कुणाचं आयुष्य मोजत नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत.

"पैसे घेता आणि नाव सांगत नाही" ही तक्रार आमच्या कानावर येते. नाव सांगणं सगळ्यात सोपं आहे हो. "स" अक्षर म्हटलं तरी घरोघरी एक सुनंदा नाहीतर संगीता निघतेच. नंतर भांडण होतं ते तुमच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे नाव न सांगण्याचा नियम आम्ही मोडत नाही, ग्राहक गेला तरी.

येताना प्रश्न कागदावर लिहून आणा, आणि त्यात "मी" असू द्या. "ती माझ्या वाईटावर आहे का?" याऐवजी "तिच्याशी वागताना मी कुठे चुकतेय?" असं लिहिलं, तर एका प्रश्नाला अर्ध्या तासाचं छोटं सेशनही पुरतं आणि खिशालाही हलकं पडतं. ज्यांना या सोळा जणांची नीट ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक असते. डेक नसला तर इथला वापरा. घोडबंदरहून येणाऱ्यांनी तेवढं लवकर निघावं, पुढच्या ग्राहकाची वेळ आम्हाला सरकवता येत नाही.