सुरकुत्यांवरचा स्वस्त इलाज आणि नागपूरचे ऊन

नागपूर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस, साधारण २६ तारखेच्या आसपास, दुपारी बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच सूर्य शहराच्या थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. या दिवसांत अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे, म्हणजे मोजपट्टीवरच्या सर्वांत वरच्या गटात पोहोचतो. सुरकुत्यांसाठी परवडेल असे काय आहे, ही विचारणा सीताबर्डीच्या कुठल्याही औषध दुकानात होत असते. तिचे उत्तर या उन्हापासून सुरू करावे लागते, कारण पैसे कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करायचे हे त्यावरूनच ठरते.

सुरकुती दिसते वर, पण ती पडते खाली. बाह्यत्वचेच्या खाली असलेल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते आणि त्वचेचा घट्टपणा व लवचिकपणा त्यावर अवलंबून असतो. वयाबरोबर नवे कोलॅजेन तयार होणे मंदावते, हे कोणालाच चुकलेले नाही. अतिनील किरणांमुळे मात्र त्वचेतल्या पेशी कोलॅजेन तोडणारी विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार करू लागतात, आणि ही झीज रोज थोडी थोडी होत राहिली की पुढे ती रेषांच्या रूपाने चेहऱ्यावर उमटते. सिगारेट-बिडीच्या धुरानेही हीच विकरे वाढतात. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. त्याऐवजी वांग आणि काळे डाग आधी दिसू लागतात.

अतिनील किरणांतले ‘बी’ किरण त्वचा भाजतात, तर ‘ए’ किरण भाजल्याचे फारसे जाणवू न देता खोलवर जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवली होती. त्याच्या चेहऱ्याचा खिडकीकडचा डावा भाग जाड, लोंबता आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला होता, तर उजवा भाग त्या मानाने पुष्कळच तरुण दिसत होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा फटका उजव्या गालाला बसणार.

संरक्षणाच्या बाबतीत नागपूरकरांनी त्वचारोगतज्ज्ञांची वाट पाहिलेली नाही. उन्हाळ्यात दुचाकीवरून जाताना दुपट्टा डोके, कान, नाक आणि गळा झाकून असा गुंडाळतात की फक्त डोळे उघडे राहतात. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो खरोखर काम करतो, मात्र कापड कोणते यावर बरेच काही अवलंबून असते. दुपट्ट्याचा एकच पदर उजेडासमोर धरल्यावर पलीकडची खिडकी स्पष्ट दिसत असेल, तर त्यातून अतिनील किरणही बरेच येतात. पातळ पांढऱ्या सुती कापडापेक्षा घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड कितीतरी जास्त अडवते. पातळच वापरायचे असेल तर दुहेरी करून घ्यावे. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषांसाठी गॉगल हवाच. अडचण अशी की आपण हे सारे लू लागू नये म्हणून करतो, त्यामुळे पारा उतरला की दुपट्टा खुंटीला जातो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, त्या दिवशी कोणाला सांगावे लागले नसेल. पण जानेवारीतल्या सुखद दुपारीही किरण असतातच आणि तेव्हा चेहरा उघडा असतो.

दुपट्टा पुरत नाही तिथे सनस्क्रीन लागते, आणि सुरकुत्यांवरच्या खर्चात पहिला मान तिचा आहे. ऑस्ट्रेलियात १९९२ ते १९९६ दरम्यान झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांचा समावेश होता. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्या गटाच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी आढळले, आणि वापरलेली सनस्क्रीन होती एसपीएफ, म्हणजे भाजण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा, १५ च्या आसपासची. तेव्हा एसपीएफच्या मोठ्या आकड्यामागे धावण्याची गरज नाही. एसपीएफ ३० त्वचेला भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. ‘ए’ किरणांसाठी मात्र वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए+++’ असे लिहिलेले पाहावे. खरी चूक मात्रेत होते. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर ओढलेल्या दोन रेघा, म्हणजे ग्रॅमभर सनस्क्रीन लागते. ५० ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरत असेल, तर ती लावली असे म्हणता येत नाही. महागडी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा तीन-चारशे रुपयांची सढळ हाताने वापरणे केव्हाही चांगले.

पडलेल्या रेषा पुसट करण्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ट्रेटिनॉइन या जीवनसत्त्व ‘अ’च्या रूपाचा. हे मूळचे मुरुमांचे औषध. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम दाखवला. ते पेशींच्या केंद्रकातल्या ग्राहींशी जोडले जाऊन कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते आणि नव्या कोलॅजेनला चालना देते. भारतात ०.०२५ आणि ०.०५ टक्क्यांच्या ट्यूबा मिळतात आणि किंमत साधारणपणे एखाद्या परदेशी ‘अँटी-एजिंग’ क्रीमच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे औषध पुरते; सुरुवात आठवड्यातून दोन रात्रींनी करावी. पहिले काही आठवडे त्वचा लाल होते, सोलवटते, आणि बहुतेक जण इथेच ट्यूब फेकून देतात. गरोदरपणात ते वापरू नये.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे आहे, आणि त्याला नियमापलीकडचे कारण आहे. दुकानात ट्रेटिनॉइन मागितल्यावर काही वेळा हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन मिसळलेली तिहेरी क्रीम हातात पडते. ती ठरावीक मुदतीसाठी वांगावर देतात. त्यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड असून महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, म्हणजे सुरकुत्यांच्या दृष्टीने नेमके उलटे घडते. म्हणून ट्यूबवरचे बारीक अक्षरातले घटक वाचावेत. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, तेव्हा तज्ज्ञाचा सल्लाही महाग पडण्याचे कारण नाही. चिठ्ठीविना मिळणारे रेटिनॉल त्वचेत टप्प्याटप्प्याने याच औषधात रूपांतरित होते. ते सौम्य आहे आणि त्याच मानाने मंद.

संत्र्यांच्या शहरात जीवनसत्त्व ‘क’ची गोष्ट टाळता येणार नाही. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये ते १० ते २० टक्के असते. संत्र्यात १०० ग्रॅममागे जेमतेम ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. रस चेहऱ्यावर चोळण्यापेक्षा संत्रे खाल्लेले बरे, आणि लिंबू लावून उन्हात जाणे तर धोक्याचेच, कारण त्याने त्वचा भाजून डाग पडू शकतात. सीरमही हवा आणि उष्णतेने लवकर बिघडून तपकिरी पडते; आपल्या उन्हाळ्यात ते फ्रिजबाहेर ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. त्यापेक्षा ५ टक्के नायासिनामाइड (जीवनसत्त्व ‘ब३’चे एक रूप) टिकाऊ आणि स्वस्त आहे, आणि १२ आठवड्यांच्या एका चाचणीत त्याने बारीक रेषा कमी झालेल्या दिसल्या आहेत. कोलॅजेन घातलेल्या क्रीमचा मात्र मोह सोडावा; तो रेणू इतका मोठा असतो की वरच्या थरातून आत शिरतच नाही.

कोरड्या हवेत रेषा अधिक ठळक दिसतात. ओलसर त्वचेवर ग्लिसरीनयुक्त साधे मॉइश्चरायझर आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिल्यास पाणी उडून जाणे थांबते आणि त्वचा लगेच भरलेली दिसते. सायीचा जुना उपायही थोडाबहुत याच तत्त्वावर चालतो. मुलतानी माती उलट कोरडेपणा वाढवते.

ट्रेटिनॉइन एप्रिल-मेमध्ये सुरू करू नये, कारण सोलवटणारी त्वचा आणि ते ऊन यांचे जमत नाही. पाऊस स्थिरावल्यावर जुलैमध्ये, हवेत दमटपणा असताना, सुरुवात केली तर त्वचेला सवय होणे सोपे जाते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास थोडाफार आणि संक्रांतीपर्यंत बऱ्यापैकी. तोवर नवे काही विकत घेण्याची गरज नाही.