अंक म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं (आणि वाळूत हात घालणं तिसरंच)

पोरांना अंक गाण्यांनी शिकवावेत की वाळू-तांदळात हात घालून, हा नेहमीचा प्रश्न. माझी भाची पावणेचार वर्षांची. गोव्यात फोंड्याला गेले की वहिनी म्हणते, आत्याला एक ते वीस म्हणून दाखव, आणि ती एका दमात, चालीवर, हातवारे करत म्हणते, बाराच्या पुढे जरा घसरते पण वीसवर बरोबर येऊन थांबते. सगळे टाळ्या वाजवतात. एकदा मी सहज तिच्यापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हटलं, मला चार दे बघू. तिने मूठभर दिले, नऊ होते.

वहिनीचा चेहरा पडला, पण यात पोरीचं काही चुकलं नव्हतं, आपणच दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजतो. एक-दोन-तीन म्हणता येणं म्हणजे शब्दांचा क्रम पाठ असणं. मोजणं म्हणजे त्यातला एकेक शब्द एकेका वस्तूला लावत जायचं, कुठली सोडायची नाही, कुठली दोनदा धरायची नाही, आणि शेवटचा शब्द आला की तो सगळ्या ढिगाचा आकडा, हे कळणं. हे शेवटचंच अवघड. भाचीला तीन शिंपल्या मोजायला लावल्या, तिने नीट मोजल्या, आणि मी "मग किती?" विचारलं तर परत पहिल्यापासून मोजायला लागली! म्हणजे तिच्या मते "किती" हा मोजायला सुरुवात करायचा हुकूम आहे.

रॉशेल गेल्मन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजण्याचे पाच नियम मांडले, त्यात क्रम पक्का असणं, एकास एक लावणं आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे तीन आले. पुढे 1990 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी "मला इतके दे" याच पद्धतीने मुलांना तपासलं आणि दिसलं की दहापर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही मागितल्यावर फक्त एक किंवा दोनच नेमके देतं, बाकी सगळं "मूठभर". आधी एक कळतो, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि मग साधारण साडेतीन-चारच्या आसपास कधीतरी मोजण्याची भानगडच एकदम उलगडते. तेव्हा कोणाचं पोर कमी-जास्त हे ठरवायला जाऊ नका प्लीज.

आता गाण्यांचं. गाणं क्रम पक्का करतं आणि ते काम दुसरं काही इतकं छान करत नाही. त्यातून आपल्या मराठीत वीसच्या पुढे क्रम म्हणजे जंगल आहे, एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतो पण अजून तीस झालेलेच नसतात. 2019 ला महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. पण गाण्यात शब्द एकमेकांना चिकटून जातात. चारनंतर काय विचारा, पोर एकपासून सुरू करून चारपर्यंत येतं आणि मग पाच म्हणतं. उतरत्या गाण्यांचंही तेच, टोपलीत पाच उंडे (आमचे गोल पाव), एक गेला, राहिले किती, हे नुसतं गायलं तर पाच-चार-तीन ही अजून एक चाल पाठ होते, बस. समोर खरी टोपली हवी आणि त्यातून उंडा खरंच उचलला जायला हवा.

आणि दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे पोरांना हाताने चाचपत खेळू द्या म्हणणारे सेन्सरी प्लेवाले, रंगीत तांदूळ, ट्रे, चिमटे, ऑनलाइन सेट महागडे. तांदळात हात घालून पोर तासभर खेळलं तर ते छानच, बोटांना ताकद येते, आईला चहा पिता येतो, पण त्यात कोणी आकडा उच्चारलाच नाही तर मोजणं कुठून येणार? माँटेसरीच्या खरखरीत कागदाच्या अंकांवर किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत बोटाने ४ गिरवणं हे तर चिन्ह ओळखणं झालं, तेही हवंच, पण चार म्हणजे किती ते त्यातून कळत नाही.

मी दोन्ही एकत्र करते. तिसऱ्यांच्या (कालवणात घालतो त्या) शिंपल्या धुऊन वाळवलेल्या, अंड्यांचा रिकामा ट्रे, आणि आमचंच बनवलेलं गाणं, एक खेकडा बिळात, दोन खेकडे वाळूत, असं मुद्दाम हळू, एका खेकड्याला एक शिंपली, एका खळग्यात एकच. शेवटी मीच म्हणते, "पाच. पाच शिंपल्या." आकडा आणि वस्तूचं नाव जोडून. पाचच्या पुढे घाई नाही. चिंचोके तीन वर्षांखालच्यांना नकोत, सरळ तोंडात किंवा नाकात जातात, आणि हंगामात घरात पडलेल्या सालीसकट काजूच्या बिया तर कोणालाच नकोत, सालातल्या तेलाने कातडी भाजते.

एक गंमत मात्र मला पुस्तकात नाही, ओट्यावर सापडली. मराठीतले एक ते पाच एका झटक्यात म्हणून होतात, पण स-हा, न-ऊ, द-हा यांचे दोन ठोके पडतात आणि भाची प्रत्येक ठोक्याला बोट पुढे सरकवते. कोंकणीत स, णव, धा, एकेकच ठोका, म्हणून आजीबरोबर कोंकणीत मोजताना ती चुकत नाही.

परवा सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला, वहिनीने तिला सांगितलं, सहा उंडे मोजून घे. ती मराठीत मोजत होती. पोदेर हसत म्हणाला, "सात जाले गे बाय."