बॅकअपची डिस्क काढण्यापूर्वी हे अवश्य वाचा

संध्याकाळी हिशेब मिटवून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणारे लातूरच्या मोंढ्यातील आडतदार आणि डाळ मिलवाले आम्हांला वारंवार एकच प्रश्न विचारतात : कॉपी पूर्ण झाली, ‘डीयू’ने (फाइलने डिस्कवर घेतलेली जागा सांगणाऱ्या आज्ञेने) आकारही पुरा दाखवला, मग सकाळी फाइल शून्य बाइटची कशी निघाली?

आपल्या लिनक्स सर्व्हरवरील ईएक्सटी४ फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) लिहिलेला डेटा आधी मेमरीत ठेवते आणि डिस्कवर त्याला लागेल तेवढी जागा फक्त राखून ठेवते. नेमके कोणते ब्लॉक (डिस्कवरील जागेचे तुकडे) द्यायचे, हे ती डेटा उतरवतानाच ठरवते. गोदामात शंभर पोत्यांची जागा धरून ठेवावी आणि थप्पी कुठे लावायची ते गाडी आल्यावर ठरवावे, तसेच हे आहे. त्यामुळे मोठ्या फाइली सलग बसतात, म्हणून याला दोष मानून ही सोय बंद करू नये.

अडचण अशी की ‘डीयू’ ही राखीव जागाही मोजते. ‘फाइलफ्रॅग’ (फाइल डिस्कवर कुठे बसली ते दाखवणारी आज्ञा) तपशिलासह चालवल्यास त्याच फाइलपुढे प्रत्यक्ष जागा ० आणि शेजारी ‘डिलॅलॉक’ (ब्लॉक देणे अजून बाकी) असे दिसते. ते पाहून काही जण फाइल खराब झाली असे समजून ती पुसतात व पुन्हा कॉपी करतात. त्याची गरज नसते, ‘सिंक’ (मेमरीतला डेटा लगेच डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) दिल्यावर खरे ब्लॉक दिसू लागतात.

खरे नुकसान होते ते आकार पाहून लगेच डिस्क ओढल्याने किंवा दुकानाचा मेन स्विच बंद केल्याने. नेहमीच्या सेटिंगमध्ये डेटा सुमारे ३० सेकंद जुना झाल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) तो उतरवायला घेते, आणि यूएसबी डिस्क संथ असेल तर पुढेही बराच वेळ लागतो. म्हणून आधी ‘सिंक’, मग अनमाउंट (डिस्क सिस्टमपासून रीतसर सोडवणे), आणि प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा टाइप करण्याची खूण) परत आल्यावरच केबल काढावी.

आमची बॅकअप स्क्रिप्ट वेळ खाते, अशी तक्रार असते. ती डिस्क अनमाउंट करून पुन्हा जोडते आणि मगच चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवते, कारण नुकतीच कॉपी केलेली फाइल वाचली तर ती बहुधा मेमरीतूनच वाचली जाते आणि अशा तपासणीला अर्थ उरत नाही. वार्षिक देखभाल करारात ही स्क्रिप्ट बसवून दिली जाते. वीज वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी सोबत यूपीएस घ्यावा, त्याची क्षमता आम्ही जागा पाहून सांगतो.